डिझाइन स्प्रिंट: पाच दिवसांचा की चार दिवसांचा?

डिझाइन स्प्रिंट म्हणजे एखादी कल्पना प्रत्यक्ष बनवण्याआधी टीमने काही दिवसांत तिचा नमुना करून लोकांवर तपासायची पद्धत. पाच दिवसांचा स्प्रिंट घ्यायचा की चार दिवसांचा, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी कॅलेंडर बघून सोडवला जातो. सात जणांचे सलग पाच दिवस मोकळे मिळत नाहीत, मग चार. मला हे कारण अपुरं वाटतं. दिवस कमी-जास्त झाल्याने जेवढं बिघडतं किंवा सुधारतं, त्यापेक्षा जास्त फरक स्टोरीबोर्ड, म्हणजे नमुन्यातल्या पायऱ्या क्रमाने चौकटींत मांडणारा आराखडा, कसा तयार होतो यामुळे पडतो. माझी निवडही शेवटी तिथेच ठरली.

मूळ पाच दिवसांची पद्धत जेक नॅप यांनी २०१० मध्ये गूगलमध्ये सुरू केली, पुढे गूगल व्हेंचर्समध्ये तिला आजचा आकार आला आणि २०१६ च्या पुस्तकानंतर ती सगळीकडे पोचली. चार दिवसांची आवृत्ती बर्लिनच्या एजे अँड स्मार्ट या स्टुडिओने रूढ केली. 'डिझाइन स्प्रिंट २.०' म्हणतात ती हीच. तिच्यात मूळ आराखड्यातले सोमवार आणि मंगळवार एकाच दिवसात बसवले आहेत. निवड आणि स्टोरीबोर्ड मंगळवारी, प्रोटोटाइप (म्हणजे नमुना) बुधवारी, आणि तो पाच जणांना वापरायला देऊन मुलाखती गुरुवारी. पूर्ण टीम पहिले दोन दिवसच लागते.

आधी पाच दिवसांच्या बाजूने बोलतो, कारण तिची एक बाजू खरोखर भक्कम आहे: स्केच. वीस मिनिटं टिपणं, वीस मिनिटं कच्च्या कल्पना, आठ मिनिटांत आठ चौकटी आणि मग तीस ते नव्वद मिनिटांचं सविस्तर स्केच, हा क्रम दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. पण पाच दिवसांच्या पद्धतीत तो मंगळवारी येतो, म्हणजे तज्ज्ञांशी बोलणं आणि ग्राहकाच्या प्रवासाचा नकाशा होऊन मध्ये एक रात्र गेलेली असते. चार दिवसांच्या पद्धतीत त्याच सोमवारी दुपारनंतर, डोकं शिणलेलं असताना, कागद हातात येतो. परिणाम कागदावर दिसतो. शिणलेल्या माणसाच्या स्केचमध्ये चौकटी असतात, शब्द नसतात. मथळ्याच्या जागी आडव्या रेघा, बटणावर नुसतं 'पुढे'. अशा स्केचला दुसऱ्या दिवशी मतं कमी पडतात, मग कल्पना कितीही चांगली असो.

यावर मला पटलेला उपाय असा: आठ चौकटींपर्यंतचा भाग सोमवारी उरकायचा आणि सविस्तर स्केच मंगळवारी सकाळी पहिल्या तासात काढायचं. घरी काढून आणा असं मात्र सांगू नये. कुणी रात्री दोनपर्यंत जागून चकचकीत स्क्रीन घेऊन येतो, कुणी काहीच आणत नाही, आणि शैलीवरून कुठलं स्केच कुणाचं हे लगेच ओळखू येतं. निनावीपणा गेला की मतं कागदाला पडत नाहीत, माणसाला पडतात.

तज्ज्ञांच्या मुलाखतींबाबत थोडक्यात: चार दिवसांत त्या घाईने होतात आणि मितभाषी तज्ज्ञाच्या हातून एखादा मुद्दा राहून जातो. विषय टीमच्या ओळखीचा असेल तर चालून जातं.

आता पाच दिवसांच्या पद्धतीतल्या बुधवार दुपारकडे येतो, स्टोरीबोर्ड तिथे तयार होतो. सकाळभर भिंतीवरच्या स्केचवर ठिपके लावून झालेले असतात, प्रत्येक स्केचवर तीन मिनिटांची चर्चा झालेली असते, कल बघून झालेला असतो, डिसायडरची, म्हणजे शेवटचा निर्णय घेणाऱ्याची, अंतिम मतं पडलेली असतात. जेवणानंतर व्हाइटबोर्डवर पंधराएक रिकाम्या चौकटी आखल्या जातात, एकाच्या हातात मार्कर आणि बाकी सहा जण बोलतात. स्प्रिंटची ताकद ज्या नियमात आहे, म्हणजे आधी प्रत्येकाने एकट्याने, गप्प बसून काम करायचं आणि मग मत द्यायचं, तो नियम आठवडाभर पाळला जातो आणि नेमका इथे सुटतो. खोलीत पुन्हा नेहमीची मीटिंग सुरू होते. मोठ्या आवाजाचं चालतं, मधेच नव्या कल्पना निघतात, डिसायडर दमलेला असतो.

उदाहरणादाखल औषधाच्या वेळा सांगणारं एक ॲप घेऊ. पहिल्या चौकटीवर चाळीस मिनिटं जातात: रुग्णाला दवाखान्यातून मेसेज येतो, की तो स्वतः ॲप शोधतो? दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत रंग, लोगो, नाव यावर वेळ जातो. साडेचारला भान येतं की नऊ चौकटी उरल्या आहेत. मग त्या वीस मिनिटांत भरल्या जातात, आणि नवव्या चौकटीत लिहिलं जातं, 'युजर माहिती भरतो'. खोलीतल्या सगळ्यांना त्या क्षणी ते पुरेसं वाटतं.

गुरुवारी सकाळी प्रोटोटाइप करायला बसलेल्या दोघांसमोर तीच चौकट येते. कोणती माहिती? चिठ्ठीचा फोटो काढायचा की औषधाचं नाव टाइप करायचं? मात्रा गोळ्यांत की मिलिग्रॅममध्ये? एक जण सकाळ-दुपार-रात्र असे तीन पर्याय देतो. दुसरा पुढची स्क्रीन करताना आठ, दोन आणि आठ अशा नेमक्या वेळा दाखवतो. दोन्ही स्क्रीन आपापल्या जागी नीटनेटक्या असतात. जोडणी करणाऱ्याला विसंगती दिसते ती दुपारी, सगळं एकत्र लावताना. तीनची रंगीत तालीम अडखळते, दुरुस्ती रात्रीवर जाते, आणि शुक्रवारी सकाळी नऊला आलेली पहिली व्यक्ती त्याच सांध्यावर थबकते. ती कल्पना न पटल्यामुळे थांबली, की आपली जोडणी तुटकी होती म्हणून? उत्तर मिळत नाही, आणि पाचातली एक मुलाखत हातची जाते.

पाचातली एक म्हणजे थोडी नव्हे. पाच जण पुरेत, या समजामागे याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर या वापरसुलभतेच्या संशोधकांचं १९९३ चं गणिती मॉडेल आहे: एका व्यक्तीकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के दिसतात. ते गणित वापरण्यातल्या अडचणींचं आहे. लोकांना ही वस्तू हवी आहे का, याला ते लागू करता येत नाही. तिथे आपण पाचांपैकी तिघा-चौघांत तीच प्रतिक्रिया दिसते का, एवढंच बघत असतो. त्यातली एक बाद झाली की तीनास दोन आणि दोनास दोन यात फरक करणं अवघड होतं.

चार दिवसांच्या पद्धतीने याच जागी एक छोटी पायरी घातली आहे, यूझर टेस्ट फ्लो. स्टोरीबोर्डला हात लावण्याआधी प्रत्येक जण गप्प बसून सहा स्टिकी नोटा आडव्या मांडतो. एका नोटेवर एक कृती. पहिली आणि शेवटची आधी लिहायची, मधल्या चार नंतर. आपल्या उदाहरणात पहिली 'दवाखान्याचा मेसेज उघडतो' आणि शेवटची 'गोळी घेतल्याचं रुग्णाच्या मुलीला कळतं' अशी असेल. मग सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक लावायच्या, प्रत्येकाने आपली वाचून दाखवायची आणि मत द्यायचं. डिसायडर एक ओळ निवडतो, हवं तर दुसऱ्या ओळीतली एखादी नोट तिच्यात घालतो. निवडलेली ओळ स्टोरीबोर्डच्या आठ चौकटींवर पसरायची. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हा वाद माझ्या अनुभवात अर्ध्या-पाऊण तासात मिटतो. उरलेला वेळ जिथे जायला हवा तिथे, म्हणजे चौकटीच्या आतल्या तपशिलावर, जातो.

ही पायरीसुद्धा फसू शकते. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे एका नोटेत दोन कृती: 'नोंदणी करून औषध टाकतो'. दुसरी चूक, कृतीऐवजी स्क्रीनचं नाव: 'होम पेज'. तिसरी जरा फसवी आहे. शेवटच्या नोटेवर कुणी 'युजर समाधानी होतो' लिहितं. समाधान मुलाखतीत दिसत नाही. बोट कुठे दाबलं ते दिसतं. म्हणून फॅसिलिटेटरने, म्हणजे स्प्रिंट चालवणाऱ्याने, ओळी लावण्याआधी प्रत्येक नोटेत एकच क्रियापद आहे का, आणि ती कृती समोर बसून बघता येईल का, एवढं तपासावं. तसंच स्टोरीबोर्ड भरताना नवी कल्पना घ्यायची नाही. जिंकलेल्या स्केचचे तुकडे कापून चौकटीत चिकटवायचे, आणि मथळा, बटण, चूक झाल्यावर दिसणारा संदेश हे सगळं खऱ्या शब्दांत लिहायचं. 'इथे मजकूर' असं लिहिलेली चौकट भरलेली धरू नये.

हीच पायरी पाच दिवसांच्या आराखड्यात बुधवारी घालता येईल की, असं कुणी म्हणेल. येईल, आणि पाच दिवसांचाच स्प्रिंट करायचा असेल तर जरूर घालावी. पण मग जास्तीचा दिवस मुख्यतः सोमवार आणि मंगळवारमधल्या त्या एका रात्रीसाठी उरतो. तेवढं मंगळवारच्या पहिल्या तासात बऱ्यापैकी साधतं, म्हणून सात जणांचा आणखी एक दिवस मागायला माझं मन धजत नाही.

चार दिवसांच्या पद्धतीतही एक गोष्ट खटकते. मूळ पद्धतीत शुक्रवारी सगळी टीम शेजारच्या खोलीत बसून मुलाखती थेट बघते आणि रकान्यांत नोंदी लावते. इथे टीम मंगळवारी संध्याकाळीच मोकळी होते आणि निष्कर्ष नंतर सांगितले जातात. ज्याने स्वतः पाहिलं नाही, त्याला अहवाल वाचून पटत नाही. 'तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारला असेल' हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामुळे ही सवलत पूर्ण घेऊ नये. डिसायडर आणि पुढे ते प्रत्यक्ष बनवणारा निदान एक डेव्हलपर यांनी तीन मुलाखती तरी थेट बघाव्यात, असं आधीच ठरवून घ्यावं. बुधवारीही विषयातला एक जाणकार दुपारपर्यंत फोनवर हवा.

मुलाखतीसाठी माणसं शोधायलाही एक दिवस कमी मिळतो. पाच दिवसांत सोमवारी प्रश्नावली टाकून शुक्रवारपर्यंत माणसं जमतात. चार दिवसांत ती आदल्या आठवड्यात टाकावी लागते, म्हणजे नकाशावर लक्ष्य ठरण्याआधीच. लक्ष्य सोमवारी बदललं तर चुकीची माणसं येतात. मी सहा जण ठरवण्याच्या बाजूचा आहे, पाच खरे आणि एक राखीव.

टीमला विषयच नवा असेल, उदाहरणार्थ वैद्यकीय उपकरण किंवा नियमांनी बांधलेला व्यवहार, तर पाच दिवस घ्यावेत. तिथे तज्ज्ञांशी बोलणं आटोपतं घेता येत नाही. पहिलाच स्प्रिंट असेल आणि अनुभवी फॅसिलिटेटर नसेल तरीही पाच बरे, कारण चार दिवसांच्या वेळापत्रकात एक तास घसरला की तो भरून काढायला जागा नाही. बाकी बहुतेक ठिकाणी मी चार सुचवेन.

चार घेतले तर मंगळवारी खोली सोडण्याआधी एक करा. स्प्रिंटमध्ये नसलेल्या कुणाला तरी बोलवा आणि आठही चौकटी मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ती व्यक्ती थांबेल किंवा 'म्हणजे?' असं विचारेल, त्या चौकटीत नेमके शब्द तिथल्या तिथे लिहून घ्या.