साडीचा रंग बदलताना: ह्यू/सॅच्युरेशन की सॉलिड कलर?

छायाचित्रातील लाल पैठणी फोटोशॉपमध्ये जांभळी करायची असेल, तर ह्यू/सॅच्युरेशन लेयर (रंगछटा व तिची तीव्रता बदलणारा थर) अधिक सोयीची वाटते. कारण त्यात केवळ ‘रेड्स’ निवडून ह्यूची पट्टी सरकवली, की पिवळी जरतार बव्हंशी तशीच राहते आणि निऱ्यांची छायाही टिकते. त्वचेतही लाल छटा असल्याने मास्क (बदल साडीपुरताच ठेवणारे आवरण) मात्र अनिवार्यच (पदर हातावरून जात असेल, तर खरा वेळ तेथेच जातो). याउलट पांढऱ्या किंवा काळ्या सदऱ्यात रंगछटाच नसल्याने ती पट्टी सरकवणे निष्फळ ठरते. तेथे सॉलिड कलर लेयर (एकाच रंगाचा सपाट थर) घ्यावी: पांढऱ्यावर ‘मल्टिप्लाय’ मोड (खालचे चित्र गडद करत रंग मिसळणारी पद्धत) ठेवावा, तर काळे कापड आधी कर्व्ह्जने (उजेड-अंधार बदलणाऱ्या साधनाने) उजळून मग ‘कलर’ मोड (खालची छाया राखून फक्त रंग बदलणारा) वापरावा, तरीही काळ्याचा फिकट पिवळा सहसा खरा वाटत नाही.