गुंगीच्या औषधांची नोंद: वही, बिलिंग सॉफ्टवेअर की ई-प्रिस्क्रिप्शन?

चोपड्याच्या एका डॉक्टर मित्राचा मागच्या आठवड्यात फोन आला. दहा खाटांचं हॉस्पिटल उघडतोय, तळमजल्यावर स्वतःचं मेडिकल. फर्निचर, फ्रीज, लायसन्स सगळं मार्गी लागलंय, अडलंय एकाच ठिकाणी. झोपेच्या, वेदनेच्या आणि भुलीच्या औषधांची नोंद वहीत ठेवायची, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची, की केबिनमधून थेट काउंटरवर येणारी ई-प्रिस्क्रिप्शन सुरू करायची? सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस त्याला सांगून गेला होता, "सर, आता वहीची गरजच नाही." अमळनेरात बावीस वर्षं काउंटरवर उभा राहिल्यावर मी सांगतो, ते वाक्य अर्धवट आहे. असा निर्णय घ्यायला बसलेल्या प्रत्येकासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी कायदा काय मागतो ते बघू. शेड्यूल एच-वनची, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीची, अधिसूचना ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तेव्हा यादीत ४६ औषधं होती. क्षयरोगाची औषधं आणि वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स यांच्याबरोबर अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल यांचाही त्यात समावेश आहे. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर लागतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, एवढं त्यात हवं आणि ते तीन वर्षं जपायचं. नियमातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द मात्र "औषध देतेवेळी" हे आहेत. रात्री शटर ओढताना दिवसभराच्या चिठ्ठ्या एकदम उतरवून काढणं त्यात बसत नाही.

शेड्यूल एक्स, म्हणजे केटामाइन, मिथाइलफेनिडेट वगैरे, आणखी कडक. त्याचं लायसन्स वेगळं, औषध कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत आणि त्यातली एक प्रत दुकानात दोन वर्षं. मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, पण आवक, वाटप आणि शिल्लक यांचा हिशेब लागतोच. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं, त्यामुळे त्याला आता दोन्हीकडचे नियम लागतात.

आता वही. तिचा खरा गुण सुरक्षिततेचा आहे. पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडलं की कळतं, खाडाखोड दिसते आणि अक्षरावरून कोणी लिहिलं ते ओळखू येतं. वीज गेली तरी वही चालते, आणि मे महिन्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते भुसावळ-जळगावकरांना सांगायला नको. वही कमी पडते ती शोधाशोधीत. औषध निरीक्षकाने सहज विचारलं, "या डॉक्टरच्या चिठ्ठीवर सहा महिन्यांत किती ट्रॅमाडॉल गेलं?" तर वही घेऊन दुपार जाते. शिवाय दुकानातला साठा आणि वहीतली शिल्लक जुळते का, हे वही आपणहून कधीच सांगत नाही. वाळवी आणि गळकं छत यांचा त्रास वेगळाच.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिल फाडतानाच एच-वनची नोंद पडते, बॅच नंबरसकट. डॉक्टरचं नाव भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. "औषध देतेवेळी" ही अट कागदापेक्षा इथे चांगली पाळली जाते, हे मी मनापासून मान्य करतो.

पण माझ्याच दुकानात काय झालं ते सांगतो. आम्ही चौघं एकाच लॉगिनवर बसायचो आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. एका तपासणीत ट्रॅमाडॉलचे तीन पत्ते कमी निघाले. बिलं बघितली तर कागदोपत्री साठा बरोबर जुळत होता, कारण कुणीतरी मागच्या तारखेला जाऊन दोन बिलांतले आकडे बदलले होते. कोणी, कधी, आधी किती होतं, यातलं काहीही त्या सॉफ्टवेअरला सांगता आलं नाही. वहीत हेच केलं असतं तर खाडाखोड दिसली असती. चूक माझी होती. एक पासवर्ड चौघांना देणं म्हणजे कुलपाची किल्ली दाराला लटकवून ठेवणं.

तिसरा पर्याय ई-प्रिस्क्रिप्शनचा. तिला कसं तपासायचं याचं सगळ्यात तपशीलवार माप मला अमेरिकेच्या नियमांत सापडलं. तिथल्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याने, म्हणजे डीईएने, ३१ मार्च २०१० रोजी ते जाहीर केले आणि त्याच वर्षी १ जूनपासून लागू झाले. ते आपल्याला लागू नाहीत, पण विकणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांतून कळतं. तिथे आधी डॉक्टरची ओळख बाहेरच्या संस्थेकडून पडताळली जाते. मग प्रत्येक नियंत्रित औषधाच्या चिठ्ठीवर सही करताना दोन पुरावे लागतात: माहीत असलेली गोष्ट म्हणजे पासवर्ड, जवळ असलेली वस्तू म्हणजे टोकन, किंवा शरीराची खूण म्हणजे बोटाचा ठसा, या तिनांपैकी कुठलेही दोन. टोकन चिठ्ठी लिहिण्याच्या संगणकापासून वेगळं हवं आणि डॉक्टरने ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. सहीचा अधिकार सिस्टीममध्ये उघडून द्यायला दोन माणसं लागतात, एकट्याला ते करताच येत नाही. कोणी कधी काय बदललं किंवा बदलायचा प्रयत्न केला, याची नोंद आपोआप राहते आणि ती रोज तपासली जाते. गडबड आढळली तर कामकाजाच्या एका दिवसात कळवायची. औषध दुकानाने रोज बॅकअप घ्यायचा आणि नोंदी दोन वर्षं ठेवायच्या.

हे वाचताना मला आपल्याकडचं डोंगल आठवलं. डिजिटल सहीचं पेन ड्राइव्हसारखं डोंगल कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, कारण रिटर्न तेच भरतात. कराच्या कामात ते खपून जात असेल, पण त्याच सहीने ट्रॅमाडॉलची चिठ्ठी निघणार असेल तर ड्रॉवर उघडणारा प्रत्येक जण डॉक्टर झाला.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि सहीला मान्यता दिली आहे. पण म्हणून काही व्हॉट्सअॅपवर आलेला चिठ्ठीचा फोटो डिजिटल सही होत नाही. काउंटरवर मोबाइल पुढे करून "डाक्टरनी चिठ्ठी शे, दे ना भाऊ" म्हणणारी माणसं रोज येतात. बहुतेक खरंच गरजू असतात, आणि त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं निषिद्ध यादीत होती. व्हिडिओ कॉलवर केटामाइन किंवा मॉर्फिन लिहून देता येत नाही, सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. नवापूर-नंदुरबारकडचे रुग्ण सुरतला दाखवून येतात, रावेर-यावलकडचे बऱ्हाणपूरला. त्यांच्या हातात कागदच असतो. म्हणजे हॉस्पिटलची ई-प्रिस्क्रिप्शन कितीही उत्तम असली तरी बाहेरच्या चिठ्ठ्यांची नोंद काउंटरवर हातानेच करावी लागणार.

मित्राला मी सांगितलं ते असं. शेड्यूल एक्स आणि मॉर्फिनसारख्या औषधांना बांधीव वही, शाईची सही आणि कुलूप. त्यांचा खप महिन्याला मोजका असतो, तिथे संगणकाने वेळ वाचतच नाही. एच-वनला सॉफ्टवेअर घे, पण प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, काम सोडलेल्याचं त्याच दिवशी बंद, रोज रात्री बॅकअप आणि बॅकअपची पेन ड्राइव्ह दुकानाबाहेर. महिन्याअखेरीस रजिस्टरची छापील प्रत काढून फार्मासिस्टने सही करावी आणि फायलीला लावावी. वीज किंवा नेट गेलं तर वापरायला एक क्रमांकित वही काउंटरखाली असू दे. ई-प्रिस्क्रिप्शन बाकीच्या औषधांसाठी खुशाल सुरू कर, तुझं अक्षर बघता फार्मासिस्टवर उपकारच होतील. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलमसाठी मात्र तुझी सही तुझ्याच हातात राहील याची खात्री होईपर्यंत छापून, सही करूनच खाली पाठव. एकट्याने फक्त क्लिनिक चालवत असतास तर मी वहीच सांगितली असती.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसव. कालच्या बिलातलं ट्रॅमाडॉल दहाचं वीस करायला सांग. नंतर विचार, तो दहाचा आकडा आता कुठे दिसतो आणि कोणाच्या नावाने बदलला गेला. दाखवता आलं नाही तर चेक देऊ नकोस.