जेलीफिनला नॅसवर लिहू द्यायचंय: शेअर एसएमबीनं जोडावा की एनएफएसनं?

सिनेमे सुरळीत चालतात, पोस्टरंही दिसतात, पण सबटायटल उतरत नाही, एनएफओ फाइल (सिनेमाची माहिती ठेवणारी) तयार होत नाही आणि डिलीट दाबलं की नुसती एरर येते. जेलीफिन (घरचे सिनेमे टीव्ही-मोबाइलवर दाखवणारा सर्व्हर) एका लिनक्स मशीनवर आणि सिनेमे नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) अशी मांडणी असेल, तर हे दुखणं ओळखीचं असेल. सर्व्हरला फोल्डर वाचता येतंय, लिहिता येत नाहीये. शेअर, म्हणजे नॅसनं नेटवर्कवर उघडलेलं फोल्डर, एसएमबी आणि एनएफएस या दोन पद्धतींपैकी कशानं जोडलाय, यावर गाडी कुठे अडली ते ठरतं, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी तपासणी. तुमच्या स्वतःच्या लॉगिननं फाइल बनते, यावरून काहीच सिद्ध होत नाही. डेबियन-उबंटूवर पॅकेजनं बसवलेलं जेलीफिन 'जेलीफिन' नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतं (प्लेक्स या दुसऱ्या मीडिया सर्व्हरचंही तसंच, युजर 'प्लेक्स'). सुडोनं (दुसऱ्या युजरच्या नावानं कमांड चालवायची सोय) त्या युजरच्या नावावर टच कमांड चालवा आणि शेअरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघा. 'परमिशन डिनाइड' आलं तर हक्कांचा घोळ आहे. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं तर शेअर फक्त वाचण्यापुरताच जोडलेला किंवा उघडलेला आहे, परवानग्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एसएमबीत नॅसला तुमच्या लिनक्सवरचा युजर कोण, याच्याशी देणंघेणं नसतं. माउंट करताना (शेअर जोडताना) ज्या खात्याचं नाव-पासवर्ड दिलं, त्याच खात्याच्या नावावर सगळं लिहिलं जातं. मग अडतं कुठे? एफएसटॅबमध्ये (कोणता शेअर कसा जोडायचा ते लिहिलेली फाइल) यूआयडी-जीआयडी (युजर आणि ग्रुपचे आकडे) दिलं नाही, तर शेअरमधली प्रत्येक फाइल रूटच्या (लिनक्सच्या मुख्य युजरच्या) मालकीची आणि 755 परवानगीची दिसते. म्हणजे इतरांनी वाचावं, लिहू नये. इथे बहुतेक जण सीएचमोड 777 (सगळ्यांना सगळे हक्क) मारतात. कमांड कुरकुर न करता पार पडते, पुन्हा एलएसनं यादी बघितली की जैसे थे! सीआयएफएस (लिनक्सवर एसएमबीचंच नाव) माउंटवर सीएचमोड आणि सीएचओन (मालक बदलणारी कमांड) सहसा 'झालं' म्हणतात आणि करत काहीच नाहीत. माउंटच्या ओळीत यूआयडी आणि जीआयडी जेलीफिनचे द्या, फाइल मोड 0664 आणि डिर मोड 0775 (मालक आणि ग्रुपला लिहिता येईल असे) ठेवा, शेअर अनमाउंट करून पुन्हा जोडा. एवढ्यावर नाही भागलं तर नॅसवर जाऊन बघा, त्या खात्याला शेअरवर लिहायचा हक्क आहे का. लिनक्सवर दिसणारे आकडे हा नुसता देखावा असतो, खरा निकाल नॅस देतो.

एनएफएसमध्ये पासवर्डच नाही. नेहमीच्या घरगुती मांडणीत सगळं आकड्यांवर चालतं. जेलीफिनचा यूआयडी समजा 112 असेल, तर नॅसला फक्त 112 दिसतो. तिकडे 112 कुणीच नसेल किंवा दुसराच कुणी असेल, तर दार बंद. रूट म्हणून गेलात तरी फायदा नाही, कारण रूट स्क्वॉश सहसा चालूच असतो आणि रूटला 'नोबडी', म्हणजे बिनहक्काचा युजर, करून टाकतो. सीएचमोड इथे खरोखर काम करतो, पण तो सहसा नॅसवर चालवावा लागतो. सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे एक्सपोर्टवर (नॅसवरच्या एनएफएस शेअरच्या सेटिंगमध्ये) ऑल स्क्वॉश लावून अॅनॉन-यूआयडी आणि अॅनॉन-जीआयडी मीडिया फोल्डरच्या मालकाचे देणं, म्हणजे कुणीही आलं तरी एकाच नावानं लिहील. सिनॉलॉजीच्या नॅसवर याच जातीची 'सगळे युजर अॅडमिन' अशी निवड मिळते. सोपी आहे, पण जरा जास्तच सैल.

वेगावरून निवड करू नका. 4के ब्लू-रेचा कमाल बिटरेटही सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आत असतो, गिगाबिट नेटवर्कवर दोन्ही पद्धती तो आरामात पेलतात. सुरक्षेचा फरक मात्र खरा आहे. एसएमबीत पासवर्ड साध्या मजकुरात एका फाइलमध्ये ठेवावा लागतो, म्हणून त्या फाइलला 600 परवानगी आणि मालक रूट. एनएफएस आयपी पत्ता आणि आकडा बघून विश्वास ठेवतं. चार रूममेटांच्या सामायिक वायफायवर मी ते लावणार नाही.

माझ्या मते निवड डिलीटवर ठरावी. लिहायचा हक्क दिला की पुसायचाही दिला. सांबामध्ये (नॅसवर एसएमबी चालवणारा प्रोग्रॅम) रिसायकलची सोय चालू असेल, तर एसएमबीवरून उडवलेला सिनेमा तिथे जाऊन पडतो, परत काढता येतो. एनएफएसवरून उडवलेली फाइल सांबाच्या वाटेनं जातच नाही, ती गेली ती गेलीच, स्नॅपशॉट (फोल्डरची आधीची जपलेली स्थिती) असेल तरच वाचाल. घरात एकच मीडिया सर्व्हर आणि रिमोट मुलांच्या हातात असेल, तर एसएमबी. दोन-तीन लिनक्स मशीन त्याच फोल्डरवर काम करत असतील आणि यूआयडी सगळीकडे सारखे ठेवायची तुमची तयारी असेल, तर एनएफएस जास्त स्वच्छ.

लिहू न देणं हाही एक पर्याय आहे आणि तो लोक फार लवकर बाद करतात. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये पोस्टर आणि सबटायटल मीडिया फोल्डरमध्ये साठवायचे पर्याय बंद केले, की जेलीफिन ते स्वतःच्याच डेटा फोल्डरमध्ये ठेवतं. शेअर रीड-ओन्ली राहिला तरी बघणाऱ्याला फरक कळत नाही. फक्त सर्व्हर नव्यानं बसवला, तर ते सगळं पुन्हा गोळा करावं लागतं.

जेलीफिन डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) चालवणाऱ्यांनी एसएमबीच्या माउंटमध्ये कंटेनर ज्या यूआयडीनं चालतो तोच द्यावा; एनएफएसवरही नॅसला कंटेनरचाच आकडा दिसतो. सर्व्हर विंडोजवर असेल तर एसएमबीच घ्या, आणि ड्राइव्हचं अक्षर न देता शेअरचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, कारण तुम्ही जोडलेला झेड ड्राइव्ह सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या सर्व्हरला दिसत नाही. आणि काहीही निवडलंत तरी जेलीफिनचा डेटाबेस शेअरवर हलवू नका. तो एसक्यूलाइटचा (साध्या फाइलमध्ये चालणारा डेटाबेस) आहे, नेटवर्कवरच्या फाइल लॉकिंगवर (एका वेळी एकानंच लिहावं यासाठीच्या कुलपावर) त्याचा भरवसा धरता येत नाही.