सांगलीतली घरपोच लायब्ररी लावावी का? प्रेमाच्या, नात्यांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आमच्या विश्रामबागच्या बिल्डिंगमधे अधूनमधून कुणीतरी विचारतंच, तुमच्याकडं ती पुस्तकं घरी येतात ती लायब्ररी कशी आहे ओ, लावू का. एकेकीला जिन्यात उभं राहून सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारीपण आहेत, आणि गावभागातल्यांना, म्हणजे जुन्या सांगलीतल्यांना, तसंही दोन ओळीत कळेल कुठली ते.

हिशोब आधी. अनामत पाचशे, वर्गणी महिन्याला दीडशे, त्यात एकावेळी एक पुस्तक आणि एक मासिक, घरपोच हवं असेल तर वर थोडे पैसे. नवी कादंबरी विकत घ्यायला गेलं तर आता तीनशे-चारशे सहज जातात आणि वाचून झाली की कपाटात जागा नाही म्हणून नवरा कुरकुर करतो, त्यामुळं महिन्याला दोन पुस्तकं जरी वाचली तरी परवडतं. महिन्याला एकपण होत नसेल तर लावू नका, उगाच पैसे घालवायचे.

आता मी काय वाचते ते सांगते, कारण रिव्ह्यू त्यावरच आहे. खून, भुतं, किल्ले, गुप्तहेर यातलं मला काही लागत नाही. मला माणसांच्या गोष्टी लागतात. प्रेमाच्याच, पण जमलं, घरच्यांनी विरोध केला, लग्न लागलं आणि संपली अशा नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं झालीयत, मुलगा पुण्याला गेलाय, आणि आता घरात दोघंच असल्यावर बोलायचं काय हा प्रश्न पडलाय, तिथून सुरू होणाऱ्या. किंवा बदली झाली, नोकरी गेली, सासू अंथरुणाला खिळली आणि त्यात दोन माणसं एकमेकांना नव्यानंच दिसायला लागली, अशा. असल्या पुस्तकांचं ऑनलाइन काही खरं नसतं, प्रेमकथा म्हणून शोधलं की गुलाबी कव्हरं येतात आणि कौटुंबिक म्हणून शोधलं की सासू-सुनेची भांडणं.

लायब्ररीतपण हा घोळ आहेच. रॅकवर पाट्या आहेत ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य, अनुवादित, आत्मचरित्र. प्रेमाची पाटीच नाही! बायको नवऱ्याच्या शेजारचा पलंग सोडून मागच्या खोलीत झोपायला लागते अशी कादंबरी 'सामाजिक' मधे, तिच्या एका बाजूला हुंड्यावरची आणि दुसऱ्या बाजूला साखर कारखान्याच्या राजकारणावरची. नुसत्या पाट्या बघून शोधायला गेलात तर दिवस जाईल.

पण तिथं काकू आहेत. लायब्ररी त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली, आता सगळं त्याच बघतात, आणि माझ्या मते दीडशे रुपयातले शंभर त्यांचे आहेत. नवीन मेंबर आला की त्या लेखक वगैरे विचारत नाहीत, विचारतात की शेवटी रडायचंय का नाही, आणि घरात अजून कोण वाचणार आहे. दुसरा प्रश्न मला आधी कळला नव्हता. मग एकदा मी आणि आईनं एकच कादंबरी पाठोपाठ वाचली, त्यात पन्नाशीतली बाई नवऱ्याशी भांडण नाही तंटा नाही, नुसतीच एक दिवस वेगळी खोली भाड्यानं घेते आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडं चहाला येते. मला ते इतकं पटलं, आणि आई म्हणाली, "एवढं काय झालं होतं गं तिला? मारत होता का?" त्यावरून आमच्यात आठवडाभर जे चाललं ते नवऱ्यानं जेवताना कान देऊन ऐकलं आणि शेवटी हळूच विचारलं, "तुला पण घ्यायचीय का खोली?" काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणून तर विचारते अगं, कुणाच्या घरात काय जाईल ते बघून द्यावं लागतं."

आणि त्यांचा एक क्रम आहे. सांगलीत लायब्ररी म्हटल्यावर लोक आधी खांडेकर मागतात, साहजिक आहे, १८९८ साली इथंच जन्मले, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, १९७४ चं, 'ययाति'साठी. काकू नवीन माणसाला खांडेकर लगेच देत नाहीत. त्यांचं म्हणणं आजच्या माणसाला त्यातली भाषणं आधी दिसतात आणि मग तो परत येत नाही. मला हे शंभर टक्के पटतं, माझं स्वतःचं मत तर असं की खांडेकरांची माणसं प्रेमात पडली की लगेच सुविचार बोलायला लागतात, पण तेच चाळिशीनंतर वाचलं की भोग, हाव, आणि तरीही समाधान नाही हे जे काय ते सांगतात ते बरोबर लागतं. तर काकू आधी सानिया देतात, या कथालेखिकेचा जन्मही सांगलीचाच. त्यांच्या कथेत बघा, मोठं काही घडत नाही, दोन माणसं बोलत असतात आणि बोलता बोलता एकाला कळतं की हे संपलंय, दुसऱ्याला अजून कळलेलं नसतं, बस. त्यानंतर गौरी देशपांडे, ज्या आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहायच्या. त्यांच्या बायका जगभर हिंडतात, नवरा असतो, मित्र असतो, आणि कुणाची माफी मागत नाहीत. त्या पचल्या की मग म्हणतात आता जा, रॅक तुमचाच.

ॲप आपल्याला तुम्ही हे वाचलंत तर तेपण आवडेल असं सांगतं, काकू सांगतात हे आत्ता नको, तुझ्या घरातलं जरा मार्गी लागू दे, मग ने. हा फरक आहे.

पुस्तकांची अवस्था. इथं माझी खरी तक्रार. लायब्ररी बाइंडिंग माहिताय ना, मूळ कव्हर काढून जाड पुठ्ठा, वर रेक्झिन, आणि आतनं कडेनं दाबून शिवण. पुस्तक वीस वर्षं टिकतं हे मान्य, पण शिवणीत प्रत्येक ओळीची पहिली-शेवटची दोन अक्षरं जातात. उघडं धरायला दोन्ही हात लागतात, जेवताना वाचणं विसरा. आणि नात्यांवरच्या कादंबरीत सगळी गंमत एखाद्या शब्दात असते, तो 'नको' म्हणाला का 'नको गं' म्हणाला, आणि नेमका तो 'गं' शिवणीत! रहस्यकथेत खुनी कोण ते निदान चार वेळा तरी लिहिलेलं असतं.

काही पुस्तकांची शेवटची पानं गायब आहेत. सांगितलं की काकू लगेच वहीत लिहून घेतात, पण वहीतच राहतं.

जुन्या पुस्तकांत एक मोठं भगदाड आहे त्याला मात्र त्या काय करणार. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, म्हणजे विचार करा. गावभागात कुणाचं काय राहिलं. काकूंकडं खालचे दोन कप्पे लगद्यासारखे झाले, आणि खालच्या कप्प्यात योगायोगानं 'सामाजिक' च होतं, कारण ऐतिहासिक जास्त जातं म्हणून ते हाताशी. त्यामुळं सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, आता छापतपण नाहीत असं बरंच गेलं. पुरातून वाचलेल्या काही पुस्तकांवर तपकिरी रेघ आहे, हात लावला की पान कडक लागतं. आता ऐतिहासिक खाली आणि सामाजिक वर. माझ्यासाठी चांगलंच झालं पण उंच आहे, स्टूल मागावं लागतं.

कुणी म्हणेल सार्वजनिक वाचनालय आहे की, स्वस्तात. आहे, जरूर जा. पण फरक समजून घ्या, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणं सरकारी अनुदान असतं, अशा खाजगी लायब्ररीला ते नाही, सगळं मेंबरांच्या वर्गणीवर. म्हणून नव्या पुस्तकाची एकच प्रत येते आणि सगळेजण तिच्या मागं. एखाद्या कादंबरीला बक्षीस मिळालं की दोन-तीन महिने तरी नाव नंबरात लावून बसायचं.

घरपोच सेवेबद्दल. पोरगा चांगला आहे, वेळ पाळत नाही. मंगळवार म्हणतात आणि शुक्रवारी येतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. यादी म्हणजे रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर, अर्धे तिरपे, शोधायची सोय शून्य. फोन केलात तर काकू सांगतील, पण दुपारी एक ते चार नाही, त्या झोपतात आणि त्यात काय चूक आहे. पुस्तक उशिरा दिलं तर दंड आहे, पुस्तक उशिरा आलं तर मात्र काही नाही, यावर मी एकदा बोलले, हसल्या.

दिवाळी अंकांची स्कीम वेगळी, त्याचे पैसे ऑक्टोबरातच भरायचे. मला ती मूळ लायब्ररीपेक्षा जास्त आवडते. १९०९ ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीत चांगली कथा दिवाळीतच येते असं घरोघरी मानतात, आणि खरंच नवीन कोण नात्यांवर बरं लिहितंय हे तिथंच आधी कळतं, पुस्तक व्हायला पुढं दोन-तीन वर्षं जातात. फक्त अंक मार्चपर्यंत फिरतात, मोठी नावं पहिल्या पंधरवड्यात उडतात. शब्दकोडी आधीच कुणीतरी सोडवलेली असतात, पेनानं.

तर रेटिंग द्यायचं झालं तर निवड पाचपैकी पाच, पुस्तकांची अवस्था अडीच, डिलिव्हरी दोन. शक्य असेल तर घरपोच लावूच नका, ते पैसे वाचवा आणि स्वतः जा, संध्याकाळी पाचनंतर, टू-व्हीलर लांब लावावी लागते. सोमवारी बंद. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा "काहीतरी हलकंफुलकं द्या" एवढं म्हणू नका, विनोदी रॅक दाखवून मोकळ्या होतील.