एकच कादंबरी पूर्ण करावी, की दोन-तीन लेखनं एकदम चालू ठेवावीत?

कादंबरी अर्ध्यावर आली आहे, दिवाळी अंकासाठी कथा कबूल केली आहे आणि डोक्यात भलतंच तिसरं काहीतरी सुरू झालं आहे. नाशकात नव्याने कथा-कादंबरी लिहिणारं कुणी भेटलं की बोलणं इथे येतंच. सगळं बाजूला ठेवून एकच पुरं करायचं, की तिन्ही वह्या उघड्या ठेवायच्या?

बहुतेक जण उत्तर आवडत्या लेखकाकडे पाहून ठरवतात. नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) थोड्या दिवसांत झपाट्याने लिहून झाली हे ऐकलं, की वाटतं असंच बुडून जायला हवं. डिकन्सचं वाचलं की मन उलट बाजूला जातं. ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीचे हप्ते चालू असतानाच १८३७च्या फेब्रुवारीत त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सुरू केली आणि ती छापून संपायच्या आत ‘निकोलस निकल्बी’ हातात घेतली. मला या माणसाविषयी विलक्षण आदर आहे. १८३७मध्येच मेहुणी मेरी अचानक गेली, तेव्हा ‘पिकविक’ आणि ‘ऑलिव्हर’ दोन्हींचे हप्ते एक महिना थांबले. दोन्ही जगं एकाच काळजातून चालली होती, हे त्यावरून कळतं.

पण डिकन्सचा दाखला घेताना एक गोष्ट सुटते. त्याचा हप्ता दर महिन्याला छापून जात होता. छापून गेलेलं पुन्हा उघडता येत नाही, त्यामुळे पुढेच जावं लागतं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ या साप्ताहिकात असंच हप्त्याहप्त्याने लिहिलं, ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच आली, आणि तरी त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. आज घरी बसून लिहिणाऱ्याच्या मागे संपादक उभा नसतो. दुसऱ्या वहीतलं प्रकरण अडलं की पहिल्या वहीतलं पहिलं प्रकरण पुन्हा सुधारायला घेता येतं, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. एकदम अनेक लेखनं घेण्यातला सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो.

एकाच कादंबरीला धरून राहण्याचा खरा फायदा स्मरणाचा. कोणाला काय माहीत आहे, कोण कोणाशी अबोला धरून आहे, म्हातारीचा कोणता गुडघा दुखतो, हे सगळं डोक्यात जिवंत राहतं. पंधरा दिवस खंड पडला की ते मागे जाऊन वाचावं लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला दिवसातून तासभर मिळतो; तो तास मागचं वाचण्यातच गेला तर लिहायचं कधी? शिवाय निवेदकाचा सूर. तो रोज कानात असेल तरच टिकतो.

तोटाही तितकाच खरा. कादंबरी अडली की लेखनच अडतं. महिना-दोन महिने असे गेले की त्या कादंबरीचाच राग येऊ लागतो. आणि पहिली कादंबरी अनेक वर्षं चालली, तर एखादी गोष्ट शेवटाला नेण्याचा सराव तेवढी वर्षं होतच नाही. कथा तो सराव देते.

इथे आपल्या गावाकडेच बघावं. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह १९४२चा, ‘नटसम्राट’ हे नाटक १९७०चं; शिवाय कथा, कादंबऱ्या, लघुनिबंध. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत नाटकं लिहीत राहिले, आणि त्याआधी त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या होत्या. या दोघांकडून मी घेतो ते प्रकार बदलण्याचं धाडस. कविता आणि नाटक एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, कारण दोन्हींचा श्वास वेगळा असतो. प्रथमपुरुषी निवेदनाच्या दोन कादंबऱ्या मात्र हमखास येतात. दोन्ही ‘मी’ हळूहळू सारखेच बोलायला लागतात.

असंच आवडत्या लेखकांचंही होतं, आणि त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. विहितगावच्या बाबूराव बागुलांवर माझं अतोनात प्रेम आहे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रहही १९६३चाच. त्या कथा वाचून उठलं की आपल्याही वाक्याला धग येते. ती आपली नसते, पण दोन दिवस आपलीच वाटते. एकच कादंबरी हातात असेल तर हा परिणाम ओळखू येतो, कारण आधीच्या पानांशी सूर जुळत नाही. तीन वह्या चालू असल्या की बागुल एकीत शिरतात, जी. ए. कुलकर्णी दुसरीत, आणि कुठलं आपलं हे सापडेनासं होतं. म्हणून अनेक लेखनं घेणाऱ्याने वाचनाला थोडी शिस्त लावावी. पहिला खर्डा चालू असताना वेगळ्या प्रकारातलं वाचावं, म्हणजे कादंबरी लिहिणाऱ्याने कविता, नाटक, आत्मचरित्र. ‘सावाना’चं, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, सभासदत्व असेल तर यासाठी खर्चही फारसा येत नाही, १८४०पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे. ज्याच्यासारखं लिहावंसं वाटतं तो लेखक पुनर्लेखनाच्या वेळी काढावा. तेव्हा तो खरंच शिकवतो: प्रसंग कुठे तोडला, संवाद किती कमी ठेवला.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलीच कादंबरी असेल तर एक कादंबरी आणि सोबत एखादी कथा, एवढंच. दुसरी कादंबरी कितीही बोलावत असली तरी तिच्यासाठी दोन पानांचं टिपण करून ठेवावं आणि पहिलीचा खर्डा शेवटपर्यंत न्यावा. एक-दोन पुस्तकं पाठीशी असतील तर दोन मोठी कामं चालतात, मात्र एक पहिल्या खर्ड्यात आणि दुसरं पुनर्लेखनात असावं. दोन्हींना मनाची वेगवेगळी बाजू लागते. रोज वेळच तुकड्या-तुकड्यांनी मिळत असेल तर कथासंग्रह धरावा. त्यात दोन-तीन कथा एकदम चालल्या तरी बिघडत नाही. सलग सुट्टी मिळाली की कादंबरीच, दुसरं काही नको.

आणि दिवाळी अंकासाठी कादंबरी थांबवावी लागणारच असेल, तर प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. प्रसंगाच्या मध्ये थांबा आणि पुढे काय घडणार ते चार ओळींत वहीतच लिहून ठेवा. कथा संपादकाकडे गेली की पहिले दोन दिवस फक्त शेवटची वीस-पंचवीस पानं वाचा, पेन हातात न घेता. तिसऱ्या दिवशी त्या चार ओळींपासून सुरुवात करा.