विमानतळाची खेळचटई: एप्रन उत्तम, थांबरेषा मात्र उलटी

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाल्यापासून आमच्या नेरुळमधील मुलांना विमान जमिनीवर कुठून कुठे जाते, याचे विशेष कुतूहल वाटू लागले आहे. त्यासाठी वाशीतील एका दुकानातून आणलेल्या, विमानतळाचा आराखडा छापलेल्या कापडी चटईचा हा अभिप्राय.

बहुतेक खेळण्यांत टर्मिनलला लागूनच धावपट्टी असते. या चटईत मात्र दोघांच्या मध्ये एप्रन, म्हणजे विमाने उभी करण्याचे आवार, भरपूर जागा देऊन दाखवले आहे, आणि हीच तिची खरी किंमत आहे. प्रत्येक विमानाच्या जागेवर पुढच्या चाकासाठी रेषा आहे, भोवती इंधनाची गाडी, सामानाच्या ट्रॉल्या आणि जेवण चढवणारी गाडी उभी राहू शकते, आणि विमानाला मागे ढकलणारा टगही संचात आहे. मोटारींचा तळ व प्रवेशद्वार कुंपणाबाहेर ठेवल्यामुळे कोणालाही जाता येणारा भाग आणि परवान्याशिवाय पाऊल टाकता न येणारा भाग यांतील फरक मुलांना न सांगता कळतो.

धावपट्टीच्या खुणा पांढऱ्या आणि टॅक्सीवेच्या, म्हणजे एप्रन व धावपट्टी यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, पिवळ्या, हे बरोबर आहे. दोन टोकांना ०९ आणि २७ हे आकडेही योग्य आहेत, कारण ते होकायंत्रावरील दिशेचे अंश दहाने भागून येतात आणि समोरासमोरच्या टोकांत नेहमी १८ चा फरक असतो; मुंबईच्या मुख्य धावपट्टीचेही हेच आकडे आहेत. टॅक्सीवे धावपट्टीला मिळतो तिथली थांबरेषा मात्र उलटी छापली आहे. दोन अखंड रेषा टॅक्सीवेच्या बाजूला आणि दोन तुटक रेषा धावपट्टीच्या बाजूला हव्यात, कारण अखंड रेषेपाशी आलेल्या विमानाने नियंत्रण कक्षाच्या परवानगीशिवाय पुढे जायचे नसते. सुरक्षिततेचा इतका मूलभूत नियम शिकवणारी खूण चुकणे मला गंभीर वाटते. अग्निशमन केंद्रही मोटारतळाशेजारी दाखवले आहे. प्रत्यक्षात धावपट्टीच्या कोणत्याही भागापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोहोचता येईल, अशी त्याची जागा निवडतात.

कापड जाड आहे, घडी घालून ठेवता येते आणि शिवण अजून उसवलेली नाही. सहा वर्षांपुढील मुलांसाठी मी ती घ्यावी असेच सांगेन, फक्त खेळ सुरू करण्यापूर्वी थांबरेषेवर पांढरे कापड चिकटवून पिवळ्या रंगाने ती योग्य बाजूने रंगवून घ्यावी.