अर्गॉन व्ही१८ घ्यावं का कायरल ईएफटी?

माहा भाचा एमएस्सी फिजिक्सले आहे, दिवाळीत गावी आला तं दिवसभर कापूस वेचून रात्री ओसरीत आमचा हाच विषय, का अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलासाठी या दोनपैकी कोणतं मॉडेल घ्यावं.

अर्गॉन व्ही१८ हे १९९५ चं, अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेच्या नावाचं. लांबच्या अंतराले जपानी शास्त्रज्ञ युकावानं १९३५ मध्ये मांडलेली मेसॉन नावाच्या कणांची देवाणघेवाण, अन् जवळ आलं का १८ ऑपरेटर (बलाचे गणितातले तुकडे) अन् चाळीसेक आकडे सरळ प्रयोगाच्या डेटावर बसवलेले. बसते बाकी झकास. पण जवळचं बल असंच काऊन, हे ते सांगत नाही, अन् मले तेच खटकते.

भाच्यानं वहीत ट्रायटॉनचा हिशोब दाखवला, म्हनजे एक प्रोटॉन दोन न्यूट्रॉनचं केंद्रक, खरी बंधनऊर्जा (ते पूर्ण फोडाले लागते तेवढी ऊर्जा) ८.४८ एमईव्ही (ऊर्जेचं माप) अन् नुसत्या व्ही१८ नं येते ७.६२ च. म्हनजे तिघांमधलं बल वेगळं आणून जोडा लागते.

दुसरं मॉडेल कायरल ईएफटी, म्हनजे इफेक्टिव्ह फील्ड थिअरी, त्याची वाट शास्त्रज्ञ वाइनबर्गनं १९९० च्या सुमारास दाखवली. क्वार्कच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या कणांच्या) थिअरीची सिमेट्री धरून बल टप्प्याटप्प्यानं मांडायचं, तं तिघांचं बल तिसऱ्या टप्प्यात आपोआपच निघते, वरून चूक किती राहील त्याचाही अंदाज भेटते. मले हेच पटते.

कटऑफची, म्हनजे हिशोब किती ऊर्जेपर्यंत धरायचा त्या मर्यादेची, कटकट आहेच पण. अन् न्यूट्रॉन ताऱ्याच्या दाट गाभ्यात कायरलवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून भाच्याले म्हटलं, आधी ट्रायटॉन दोन्हीनं काढून पाह्य.